आधी ओळख, मग शिक्षा

समुद्री काचपेटीत कोणता मासा सोडायचा आणि कोणते प्रवाळ लावायचे हे मालक ठरवतो. पण त्या पेटीतले बहुसंख्य जीव त्याने निवडलेले नसतात. ते दगडातून येतात. मरीन टँक ठेवणारे ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, तो मुळात मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा असतो. समुद्रात वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे त्याच्या भेगाभेगांत जिवाणू, शैवाल, स्पंज, किडे, खेकडे आणि गोगलगाई यांनी बिऱ्हाड थाटलेले असते. हा दगड शोभेपुरता नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पचवून पाणी राहण्याजोगे ठेवणारे जिवाणू त्याच्याच छिद्रांत वाढतात. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही ‘नैसर्गिक पद्धत’ जगासमोर मांडली, आणि पुढे जर्मनीतल्या हौशी मंडळींनी ती इतकी घडवली की तिला ‘बर्लिन पद्धत’ हेच नाव पडले. पण कामाच्या जिवाणूंबरोबर दगडातली बाकीची वस्तीही घरात येते. रात्री दिवे मालवल्यावर एखाद्या भोकातून लांबलचक काहीतरी बाहेर येते, काचेवर कालपर्यंत नसलेले ठिपके दिसतात, कोपऱ्यातून टकटक आवाज येतो. अशा वेळी मालकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात : हे काय आहे, आणि हे मारायचे कसे? बहुतेक वेळा दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या आधी शोधले जाते. या लेखाचा मुद्दा एवढाच की हा क्रम उलटा आहे; त्याने प्रवाळांचे नुकसान होते, कधी माणसांच्या जिवावर बेतते आणि पेटीबाहेरच्या समुद्रालाही त्याची किंमत मोजावी लागते.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. प्रवाळभित्ती म्हटले की डोळ्यांसमोर रंगीत मासे येतात, पण भित्तीवरची खरी लोकसंख्या दगडाच्या आत असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदी महासागर, प्रशांत महासागर आणि कॅरिबियन समुद्रातल्या मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांतून आणि मुद्दाम ठेवलेल्या चळतींमधून कवचधारी जीव गोळा करून त्यांच्या डीएनएची तपासणी केली गेली. तपासलेले एकूण क्षेत्र होते जेमतेम ६.३ चौरस मीटर, म्हणजे एका छोट्या खोलीइतके. त्यात ५२५ प्रजाती निघाल्या, आणि खेकड्यांच्या प्रजाती तर जवळजवळ साऱ्या युरोपीय समुद्रांत नोंदल्या गेलेल्या संख्येला भिडणाऱ्या होत्या. २०१५ मधल्या एका अंदाजानुसार जगातल्या प्रवाळभित्तींवर बहुपेशीय जीवांच्या सुमारे ८ लाख ३० हजार प्रजाती असाव्यात आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश अजून विज्ञानाला ठाऊकच नाहीत. अशा वस्तीतून उचललेल्या दगडावरच्या प्रत्येक जिवाला नेमके नाव मिळेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मिळू शकते ते वेगळ्या पायरीवरचे उत्तर : हा वलयांकित कृमी आहे, त्यातही अमुक कुळातला, त्यापुढे सांगता येत नाही. असे अर्धवट उत्तर ऐकून विचारणारा नाराज होतो. पण पुराव्यापुरतेच बोलणारे उत्तर हेच खरे ज्ञान, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे बहुतेक निर्णयांना तेवढे पुरते.

पुराव्यापलीकडे जाऊन दिलेले नाव किती महागात पडते, याचा सर्वांत बोलका दाखला हौशी माणसांचा नाही, तज्ज्ञांचाच आहे. १८८३ मध्ये फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे यांना ऑस्ट्रियातील ग्राझ इथल्या विद्यापीठाच्या समुद्री काचपेटीत, काचेवरून सरपटणारा काही मिलिमीटरचा चपटा जीव दिसला. त्याला तोंड नव्हते, पोट नव्हते, मज्जासंस्था नव्हती. शुल्झे यांनी त्याला ‘ट्रायकोप्लॅक्स अॅढेरन्स’ असे नाव दिले. १९०७ मध्ये थिलो क्रुम्बाख यांनी हा स्वतंत्र प्राणी नसून एका छोट्या जेलीफिशसदृश जिवाची अळी आहे, असा दावा केला. त्यांच्या दाव्याचा मोठा आधार असा होता की त्या पेटीत आधी ते जीव होते आणि नंतर ट्रायकोप्लॅक्स दिसू लागला. एकापाठोपाठ एक दिसले म्हणून एक दुसऱ्याचे पिल्लू ठरले. पाठ्यपुस्तकांनी हे मान्य केले आणि पुढची जवळपास साठ वर्षे हा प्राणी प्राणिशास्त्राच्या नकाशावरून पुसला गेला. अखेर कार्ल ग्रेल यांनी त्याच्या पुनरुत्पादनाचा बारकाईने अभ्यास करून १९७१ मध्ये त्याच्यासाठी ‘प्लॅकोझोआ’ हा स्वतंत्र संघ स्थापन केला. म्हणजे कीटक, मासे आणि माणूस यांच्याहून मुळातच वेगळी अशी प्राण्यांची एक शाखा. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा प्राणिसृष्टीच्या आरंभाविषयीच्या चर्चेत तो मानाने बसला. एका काचपेटीतल्या ‘काहीतरी सरपटते आहे’ या नोंदीतून एवढे निघाले, आणि एका घाईच्या ओळखीमुळे ते दोन पिढ्या झाकून राहिले.

क्रुम्बाख यांची चूक आजही घरोघरच्या पेट्यांत रोज होते, फक्त त्यातला आरोपी वेगळा असतो. सकाळी मासा किंवा शिंपला मेलेला सापडतो आणि त्याच्यावर केसाळ कृमी तुटून पडलेले दिसतात. निकाल लगेच लागतो : खुनी सापडला. वास्तविक या पेट्यांत दिसणारे बहुतेक केसाळ कृमी सफाई कामगार आहेत. ते मेलेले आणि सडके खातात, दगडाच्या फटीत अडकलेले खाद्य संपवतात. प्रेताजवळ सापडणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. त्यांना हातात धरू नये हे खरे, कारण त्यांचे ठिसूळ, चुनखडीयुक्त केस कातडीत मोडून आग करतात. पण बोचतो म्हणून तो शिकारी ठरत नाही. सगळेच केसाळ कृमी निरुपद्रवी आहेत असेही नाही. अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्रातला दाढीवाला अग्निकृमी जिवंत प्रवाळ खातो, आणि त्याला ओळखायची खूण म्हणजे बाजूला रांगेने असलेले, फांद्यांसारखे लालसर कल्ल्यांचे झुबके व डोक्यावरची मांसल वळकटी. युनिसिड कुळातले कृमी आणखी निराळे. त्यांच्या डोक्यावर बहुधा पाच स्पर्शिका असतात, अंगावर इंद्रधनुषी झाक असते आणि आत मजबूत जबडे असतात. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या कॉर्नवॉल परगण्यातील न्यूकी इथल्या मत्स्यालयात प्रवाळ तुटू लागले आणि एक मासा जखमी झाला, तेव्हा सापळे लावूनही काही हाती लागेना. शेवटी सगळा देखावा उपसल्यावर चार फुटांचा युनिसिड कृमी निघाला. या कुळातला सर्वांत प्रसिद्ध सदस्य, ‘बॉबिट वर्म’, तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. म्हणजे भीती निराधार नाही. पण ती कोणाची बाळगायची हे स्पर्शिका, कल्ले आणि जबडे पाहून ठरते. केस पाहून नव्हे.

ओळख चुकली की उपायही चुकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. काचेसारख्या पारदर्शक तपकिरी ‘एप्टेशिया’ या समुद्रपुष्पाचे उदाहरण घ्या. दगडातून येणाऱ्या पाहुण्यांत याची बदनामी सर्वाधिक. ते प्रवाळांना डंख मारते, भराभर पसरते, आणि चाकूने खरवडून काढायला गेले तर दगडाला चिकटून राहिलेल्या बारीक तुकड्यांतून नवे जीव उगवतात. त्यावर ‘बर्गिया’ नावाची छोटी समुद्री गोगलगाय हा उत्तम उपाय आहे, कारण ती एप्टेशियाच खाते, दुसरे काही नाही. पण पेटीतले समुद्रपुष्प एप्टेशिया नसून ठेंगणे, टोकांना फुगीर असलेले ‘माजानो’ असेल, तर हीच गोगलगाय उपासमारीने मरते आणि माजानो जागच्या जागी राहते. एप्टेशिया खाणारी म्हणून ‘पेपरमिंट श्रिंप’ नावाची कोळंबीही विकली जाते. तिच्या नावाखाली कधीकधी तिच्यासारख्याच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, पाठीला कुबड असलेली ‘कॅमल श्रिंप’ घरी येते आणि ती प्रवाळांचेच लचके तोडते. रोगाची ओळख जितकी महत्त्वाची, तितकीच औषधाचीही. याच तिरस्कृत एप्टेशियाला जगभरच्या प्रयोगशाळांत मोठा मान आहे. प्रवाळ आणि त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल यांचे नाते कसे जुळते आणि पाणी तापले की का तुटते, म्हणजेच प्रवाळ का पांढरे पडतात, याचा अभ्यास करायला झपाट्याने वाढणारे हे समुद्रपुष्प सोयीचे ठरले आहे. त्याचा जनुकसंच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उपद्रवी की उपयोगी, हे प्राण्याच्या अंगावर लिहिलेले नसते. तो कुठे आहे आणि काय करतो आहे यावर ते ठरते.

खेकड्यांची गोष्टही अशीच. फांद्यांच्या प्रवाळात दडलेला छोटा खेकडा दिसला की तो प्रवाळ कुरतडतो आहे असे गृहीत धरून त्याला चिमट्याने ओढून काढले जाते. तो ‘ट्रॅपेझिया’ गटातला असेल तर तो त्या प्रवाळाचा राखणदार असतो. काटेरी मुकुटाचा तारामासा प्रवाळ खायला आला की हे खेकडे त्याला चिमटे काढून पिटाळतात, हे १९७०च्या दशकातच नोंदले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाजवळच्या प्रयोगात प्रवाळांवरचे हे खेकडे काढून टाकल्यावर त्या प्रवाळांवर गाळ साचला आणि त्यांच्यातले कित्येक मेले. उलट बाजूने, अंगावर दाट केस आणि टोकाला काळे, बोथट चिमटे असलेले काही खेकडे खरोखरच प्रवाळ आणि गोगलगाई फोडतात. आवाजाच्या बाबतीतही गफलत ठरलेली. पेटीतून टकटक ऐकू आली की ‘मँटिस श्रिंप’ आला म्हणून दगड उपसायला सुरुवात होते. हा जीव भीतीयोग्य आहेच. त्याच्या गदेसारख्या अवयवाचा तडाखा सेकंदाला २३ मीटरपर्यंतच्या वेगाने बसतो, असे २००४ मध्ये मोजले गेले आहे. पण तसाच आवाज ‘पिस्तूल कोळंबी’ही काढते. तिचा चिमटा इतक्या झटक्यात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज आपण ऐकतो, हे २०००च्या संशोधनाने दाखवून दिले. ही कोळंबी बहुधा कोणाच्या वाट्याला जात नाही. काही प्रजाती तर गोबी माशासोबत एकाच बिळात सुखाने नांदतात. आवाज ही तपासाची सुरुवात असू शकते, निष्कर्ष नव्हे.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. हे सगळे खरे असेल, पण महागडी प्रवाळे पणाला लागलेली असताना चौकशी करत कोण बसणार? शंका आली की मारावे, सुक्याबरोबर थोडे ओले जळाले तरी चालेल, असे सावध माणूस म्हणेल. या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे : मारणे ही निर्धोक कृती आहे. ती तशी नाही. दगडावर पसरणाऱ्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या झोअँथिड प्रवाळांत ‘झोअँथस’ आणि ‘पॅलिथोआ’ हे दोन गट सहज गल्लत करण्याजोगे आहेत. पॅलिथोआच्या काही प्रजातींत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक विष असते. हवाईमधल्या पॅलिथोआतून ते वेगळे केल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यावर आजही उतारा नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा दिसायला सारख्याच झोअँथिडांपैकी काही अत्यंत विषारी आणि काही जवळजवळ निर्विष निघाले. नको असलेली वस्ती संपवायला दगड उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा तो ब्रशने घासणे हा सर्रास सुचवला जाणारा उपाय या विषाला वाफेत आणि तुषारांत मिसळून थेट फुप्फुसांत पोहोचवतो. २०१२ ते २०१४ या काळात अलास्कातल्या दुकानांत आणि घरांत अशा बाधेच्या घटना नोंदल्या गेल्या. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टिव्हन्टन गावात घरातली पेटी साफ करताना सहा जणांच्या कुटुंबाला बाधा झाली आणि मदतीला धावलेल्या चार अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. ‘शंका आली की मारा’ हा नियम या घराला वाचवू शकला नसता. ‘शंका आली की हातमोजे आणि चष्मा घाला, दगड वेगळ्या भांड्यात ठेवा आणि तो काय आहे ते आधी पाहा’ हा नियम वाचवू शकला असता. पाहण्यासारखी खूणही आहे : पॅलिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण मुरवते, झोअँथस मुरवत नाही. सावधगिरी म्हणजे आधी अलग ठेवणे. त्याला खर्च येतो तो एका बादलीचा आणि पंपाचा, आणि त्या वेळेत घेतलेला निर्णय फिरवता येतो. मारल्यावर फिरवता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की मुळात जिवंत दगड हवाच कशाला? कोरडा किंवा कारखान्यात बनवलेला दगड घ्यावा, बाटलीतले जिवाणू घालावेत, कटकटच नको. यातला अर्धा भाग मला मान्य आहे आणि तो समुद्राच्या भल्याचा आहे. भित्तीवरून दगड खणून काढणे म्हणजे मासे, खेकडे आणि पिल्लांची घरे उचलून नेणे. फ्लोरिडाने आपल्या हद्दीतली अशी तोड आधी थांबवली, तिथल्या संघराज्याच्या सागरी हद्दीत ती १९९७पर्यंत बंद झाली, आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर बाहेरून आणलेले दगड ठेवून ते ‘पिकवायची’ पद्धत रुजली. मेलेला दगड पेटीत ठेवण्यात कोणतेही पाप नाही. पण त्याने ओळखीचा प्रश्न सुटत नाही. प्रवाळाचा प्रत्येक नवा तुकडा ज्या चकतीवर चिकटवलेला असतो, तिच्या खालच्या बाजूने एप्टेशिया, चपटे कृमी, नळीतल्या गोगलगाई आणि बारीक तारामासे येतच राहतात. शिवाय रिकाम्या दगडावर जो पहिला पोहोचतो तो सगळी जागा व्यापतो, आणि त्याला अडवणारे कोणी तिथे नसते. निर्जंतुक पेटी पाहुण्यांची संख्या कमी करते. आलेल्या एकट्या पाहुण्याचे महत्त्व मात्र वाढवते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे : फोनवर फोटो काढला की अॅप नाव सांगते, मग एवढी चर्चा कशाला? फोटो ओळखणारी यंत्रे उपयोगी आहेत, आणि त्यांतली चांगली यंत्रे खात्री नसेल तेव्हा प्रजाती न सांगता वंश किंवा कुळापर्यंतच थांबतात. हीच शिस्त माणसांनीही शिकावी. पण यंत्र शिकते ते आधी नावे दिलेल्या फोटोंवरून. ज्या वस्तीतल्या तीन चतुर्थांश प्रजातींना नावच नाही, तिथे यंत्र जवळचे दिसणारे ओळखीचे नाव चिकटवणार, आणि ते नाव पुढच्या फोटोसाठी पुरावा बनणार. शिवाय निर्णायक खुणा फोटोत येत नाहीत. स्पंजाची ओळख त्याच्या आतल्या सूक्ष्म काट्यांवरून होते, कृमीची जबड्यावरून, तारामाशाची खालच्या बाजूवरून. हौशी मंडळी वर्षानुवर्षे ज्याला सरसकट ‘अॅस्टेरिना’ म्हणत आली, त्या नखाएवढ्या, स्वतःचे तुकडे करून वाढणाऱ्या तारामाशाची चर्चा शास्त्रज्ञांनी केली ती नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या ‘अॅक्विलोनॅस्ट्रा’ या दुसऱ्याच वंशातल्या नव्या प्रजातीचे वर्णन करताना. ज्या नावावर इतकी वर्षे ‘मारा’ किंवा ‘राहू द्या’ असे सल्ले दिले गेले, त्या नावाचाच पाया डळमळीत होता. अशा वेळी नावापेक्षा निरीक्षण जास्त कामाचे : तो काचेवरचे शेवाळ चाटतो आहे की मिटलेल्या झोअँथिडांवर बसलेला आहे, हे आठवडाभर पाहिले की त्याचे काय करायचे ते कळते.

काचपेटी ही श्रीमंतांची हौस, तिच्यातल्या किड्यांची चिंता इतरांनी का करावी, असेही कोणी विचारील. कारण पेटीतले पेटीत राहत नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात ‘कॉलेर्पा टॅक्सिफोलिया’ या हिरव्यागार शैवालाचा एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेला तो एक चिवट वाण होता. अलेक्झांडर माइनेझ यांच्यासारखे शास्त्रज्ञ इशारे देत असताना तो नैसर्गिकरीत्या आला की मत्स्यालयातून, यावरच वाद घालण्यात वर्षे गेली, आणि तोवर भूमध्य समुद्राच्या तळाचे हजारो हेक्टर क्षेत्र त्याने बाधित केले. जनुकीय तपासणीने मत्स्यालयातल्या वाणाशी त्याचे नाते सिद्ध केले, पण फार उशिरा. तेच शैवाल २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत दिसले, तेव्हा ओळख लगेच पटली, ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारले गेले आणि २००६ मध्ये समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. खर्च ७० लाख डॉलरच्या घरात गेला, तरी समुद्र वाचला. त्या राज्याने २००१ मध्ये कॉलेर्पाच्या नऊ प्रजातींवर बंदी घातली होती. २०२१ मध्ये यादीबाहेरचीच एक प्रजाती न्यूपोर्टच्या उपसागरात उगवली, आणि २०२३ मध्ये बंदी साऱ्या वंशाला लागू करावी लागली. जिथे प्रजाती एकमेकींपासून ओळखणे कठीण, तिथे कायद्यानेही वरच्या पायरीवर उभे राहणे शहाणपणाचे, हा यातला धडा. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात पसरलेल्या परक्या मऊ प्रवाळाचीही हीच कथा. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची ओळख फक्त कुळापर्यंत दिली, ‘झेनियाच्या कुळातले परके प्रवाळ’ एवढीच. ते मूळचे इंडो-पॅसिफिकमधले ‘युनोमिया स्टोलोनिफेरा’ असल्याचे नंतर, २०२१च्या सुमारास निश्चित झाले. कुळापुरती ओळखही धोक्याची घंटा वाजवायला पुरेशी होती. नेमके नाव मिळेपर्यंत गप्प बसणे जितके चूक, तितकेच नसलेले नेमकेपण दाखवणे चूक.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये समाविष्ट झाले. त्यामुळे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात किंवा मालवणच्या समुद्रातला प्रवाळाचा दगड उचलून पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे; तो प्रवाळ जिवंत असो वा मेलेला. दुकानातला दगड कुठून आला हे विचारणे म्हणूनच चौकसपणाचे नाही, कायद्याचे काम आहे. आणि उगम कळला की ओळखही अर्धी होते, कारण कॅरिबियन दगडातला कृमी आणि इंडोनेशियन दगडातला कृमी यांच्या संशयितांची यादीच वेगळी. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी झोअँथिडांचे थरच्या थर उघडे पडतात, हे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. त्याचे श्रेय २०१७ पासून काम करणाऱ्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारख्या उपक्रमांना आहे. सामान्य माणसांनी किनाऱ्यावर जाऊन, जीव न उचलता फोटो काढायचे, जागा आणि वेळ नोंदवायची, आणि जाणकारांनी ओळख पटवायची किंवा ‘इथवरच सांगता येते’ असे मोकळेपणाने लिहायचे, ही त्यांची पद्धत काचपेटीलाही जशीच्या तशी लागू पडते. किनाऱ्यावर जो संयम आपण कौतुकाने पाळतो, तो घरातल्या पेटीपुढे उभे राहिल्यावर सोडून देण्याचे कारण नाही.

म्हणून पेटी ठेवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगायला हव्यात. नवा दगड आणि नवे प्रवाळ काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवावे. अनोळखी जीव दिसला की मोजपट्टीसह फोटो काढावा, डोके, बाजू आणि जमल्यास खालचा भाग दिसेल असा. तो दिवसा दिसतो की रात्री, काय खाताना दिसला, दगड कोणत्या समुद्रातला, हे लिहून ठेवावे. ओळख विचारताना नावाबरोबर ‘कशावरून’ हेही विचारावे, आणि ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्या नावावर विसंबून कोणालाही मारू नये. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नये, उघड्या हातांनी घासू नये. पेटीतले पाणी, शैवाल किंवा दगड खाडीत, समुद्रात वा गटारात टाकू नयेत. दुकानदारांनी दगडाचा आणि प्रवाळाचा उगम लेखी द्यावा, आणि तो न देणाऱ्याकडून ग्राहकाने घेऊ नये. यातल्या एकाही गोष्टीसाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. समुद्राचा तुकडा घरात आणण्याची हौस असेल, तर त्यातल्या बिनबोलावलेल्या रहिवाशांची चौकशी करणे ही त्या हौसेची किमान किंमत आहे. ती द्यायची तयारी नसेल त्याने गोड्या पाण्यातले मासे पाळावेत.